तोंडातला शब्द

सोमवार, ८ जुलै

ही वही प्रशिक्षणाच्या सरांनी दिली. म्हणाले, रोज चार ओळी लिहा, कुणी वाचणार नाही. कुणी वाचणार नाही तर लिहायचं कशाला, मी विचारलं. म्हणाले, "स्वतःसाठी." मी काय स्वतःपासून परगावी राहते, की पत्रं लिहू? बाकीच्या बायका हसल्या. सर पण हसले. माझ्या लेकाच्या वयाचा पोरगा, पण दात चांगले आहेत.

तर लिहिते. मी बालवाडीत बावीस वर्षं आहे. पहिली चौदा मदतनीस होते. झाडलं, पुसलं, पोरांची ढुंगणं धुतली, पाणी भरलं. मग एक बाई अचानक सोडून गेली आणि वर्गात उभं राहायला कुणी नव्हतं, तेव्हा मला उभं केलं ते केलंच. आता जुन्या मोठ्या बाईंचे गुडघे गेले, त्या घरी बसल्या, आणि जूनपासून मी मोठी बाई. शिक्षण सहावी. संस्थेचे चिटणीस म्हणाले, हरकत नाही, पण बालवाडीप्रमुखांसाठी दर सोमवारी नेतृत्वाचं प्रशिक्षण आहे, ते पुरं करा. नेतृत्व म्हणे! तीस पोरं, एक शिक्षिका, एक मदतनीस आणि एक गळका नळ. ह्यांचं नेतृत्व.

आज सरांनी सगळ्यांना विचारलं, तुमचा सगळ्यात मोठा गुण कोणता. एक म्हणाली संयम, दुसरी म्हणाली कल्पकता. मी म्हटलं, मला समोरच्याचं अर्ध्यात कळतं. त्याने तोंड उघडलं की पुढचं मीच सांगते, वेळ वाचतो. सरांनी ते फळ्यावर लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. त्यांचं अक्षर वाईट आहे.

बुधवार, १० जुलै

चावरीने आज परत चावलं. ही पोरगी साडेतीन वर्षांची, जूनमध्ये आली, आणि तेव्हापासून पाच चावे झाले. आजचा सहावा, चष्मेवाल्याच्या मुलाला. बापाचं चष्म्याचं दुकान आहे, पण एवढी मोठी खूण बघायला चष्मा लागत नव्हता. गेटवर उभा राहून ओरडला. मी म्हटलं, "साहेब, बंदोबस्त करते." करायचा काय, ते मलाही माहीत नाही. कोपऱ्यात बसवून झालं, रागावून झालं, लाडीगोडी झाली.

हळूबाई संध्याकाळी टेबलापाशी येऊन उभी राहिली. हळूबाई म्हणजे आमची शिक्षिका. दोन वर्षं झाली लागून, बालशिक्षणाची पदवी आहे, पण बोलायला मुहूर्त लागतो. मला घाबरते बहुतेक. म्हणाली, "बाई, ती ना, जेव्हा…"

मी म्हटलं, "जेव्हा आई उशिरा न्यायला येते तेव्हा. माहीत आहे. बोलले मी आईशी."

ती पिशवी घेऊन गेली.

शुक्रवार, १२ जुलै

पालकांचा अर्ज आला. अकरा सह्या. मुलीचं नाव कमी करा, नाहीतर आम्ही आमची मुलं काढतो. चिटणीस म्हणाले, शनिवारी सत्तावीसला पालकसभा आहे, त्याआधी नाव कमी करा, विषय संपवा. "तुमचा पहिलाच निर्णय आहे, ठाम घ्या." मी म्हटलं, घेते. मुलीची आई बसमध्ये कंडक्टर आहे. तिला पत्र लिहायला घेतलं. 'कळविण्यास खेद होतो' इथपर्यंत आले. पुढचं होत नव्हतं, म्हणून उद्यावर टाकलं.

हळूबाईने पत्र पाहिलं. "बाई, न-नाव नका…"

"नाव नका कमी करू, गरीब आहे, हेच ना? अगं, मलाही कळतं. पण अकरा घरं जातील त्याचं काय?"

ती म्हणाली, "ते नाही." पण तोवर नळवाला आला.

सोमवार, १५ जुलै

आज निरीक्षण शिकवलं. सर म्हणाले, मूल हट्टी आहे असं लिहायचं नाही. हट्टीपणा डोळ्यांना दिसत नाही. त्याने हात झटकला हे दिसतं. जे दिसलं, जे ऐकू आलं, तेवढंच लिहा. किती वाजता ते लिहा. तुम्ही काय केलंत तेही लिहा. मत द्यायचं नाही. मत न देता लिहायचं म्हणजे मीठ न घालता जेवायचं, मी म्हटलं. ते म्हणाले, "आठवडाभर अळणी खाऊन बघा." हजरजबाबी आहे पोरगा.

आणखी एक सांगितलं. मुलाला काही विचारलंत की लगेच पुढचं बोलू नका. मनात दहा मोजा. मग बघा काय होतं.

घरी ह्यांना सांगितलं. ह्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, डोळ्याला भिंग लावून दिवसभर मान खाली. म्हणाले, "दहा? तू तर…"

"तीनच्या पुढे जाणार नाही, हेच ना?"

हे म्हणाले, "मी म्हणणार होतो, तू तर हिशेबात पक्की आहेस, जमेल तुला. पण तुझंही बरोबर आहे."

मंगळवार, १६ जुलै

फजिती. सकाळी गोल बसवून विचारलं, पाऊस कुठून येतो? आणि मोजायला लागले. मनात मोजणं मला जमत नाही, बोटं हलतात आणि तोंडही हलतं. चारपर्यंत आले तर पोरं धडाधड उठली. कुणी खेळणी पेटीत टाकतंय, कुणी चपला शोधतंय, एकाने तर रडायलाच सुरुवात केली. मला कळेना. मदतनीस दारातून म्हणाली, "अहो, तुम्ही बावीस वर्षं 'दहा मोजते हं, आवरा, नाहीतर बघा' करताय ना!"

खरंच की. माझे दहा म्हणजे पोरांना धाक. आता त्याच दहाला थांबायचं म्हणतात. नवीन आकडे कुठून आणू?

पाऊस कुठून येतो ते राहिलंच.

गुरुवार, १८ जुलै

सरांना दाखवायचं निरीक्षण. कच्चं इथे लिहिते, मग फुलस्केपवर उतरवेन. चावरीचंच घेतलं. म्हटलं, उद्या कुणी विचारलं नाव का कमी केलं, तर कागद हवा.

९.३५. मुलगी ठोकळे रचतेय. हळूबाई येऊन शेजारी बसली.

९.४०. हळूबाई बसलीच आहे. हातात एक ठोकळा. शिकवत काही नाही.

९.४३. मुलगी म्हणाली, "ह, ह, ह." हळूबाई तिच्याकडे बघत राहिली. मानसुद्धा हलवली नाही.

९.४४. मुलगी म्हणाली, "हत्तीचं घर." हळूबाई म्हणाली, "अच्छा." ठोकळा दिला. मुलगी हसली.

१०.१०. पाण्याची रांग. मुलगी म्हणाली, "मा, मा, मा." मी म्हटलं, "माझा पेला? हा घे." पेला हातात दिला. मुलीने पुढच्या मुलाच्या दंडाला चावा घेतला. पेला दिला तरी!

१०.५०. चित्रांची पुस्तकं. मुलगी म्हणाली, "का, का." शेजारची म्हणाली, "कावळा!" मी म्हटलं, "शाब्बास, कावळा." मुलगी शेजारच्या मुलीच्या खांद्याला चावली. जोरात नाही, पण चावली.

११.१५. घसरगुंडी. मुलगी वर बसून हळूबाईला काही सांगत होती. फार वेळ. मागे रांग थांबली. हळूबाई खाली उभी, वर बघत. मी व्हरांड्यातून ओरडले, "अगं, उतर लवकर!" मुलगी उतरली आणि रडली. चावली नाही. जवळ दुसरं पोर नव्हतं.

खाली लिहिलं होतं: मुलगी हट्टी, बाई ढिली. मग खोडलं. मत द्यायचं नाही म्हणे.

शनिवार, २० जुलै

पत्र पुरं केलं. पाकिटात घातलं. पोरीच्या आईची आज दुपारची पाळी होती, भेटली नाही. पाकीट कपाटात आहे. हळूबाईला सांगितलं, सोमवारी मी प्रशिक्षणाला असेन, तू दे. ती म्हणाली, "मी न-नाही देणार." पहिल्यांदाच तिचं वाक्य माझ्या आधी संपलं. मला राग आला. तिचं म्हणणं तरी काय ते विचारायला हवं होतं, पण रागात राहिलं.

सोमवार, २२ जुलै

आज काय झालं ते लिहिणार नाही.

मंगळवार, २३ जुलै

लिहिते.

सरांनी माझं निरीक्षण सगळ्यांना वाचून दाखवलं. आधी मला विचारलं होतं, नाव न सांगता वाचू का. मी म्हटलं, खुशाल वाचा. मला वाटलं नमुना म्हणून वाचतायत. आणि खरंच म्हणाले, "इतकं स्वच्छ निरीक्षण मी फार कमी वेळा पाहिलंय." मी मान ताठ करून बसले. जिथे 'मी' होतं तिथे त्यांनी 'मोठ्या बाई' असं वाचलं.

मग विचारलं, "मूल कधी चावलं?"

मागच्या बाकावर एक जाडशा बाई बसतात, केसांत पेन खोचून. त्या लगेच म्हणाल्या, "सोपं आहे! त्या मोठ्या बाईने तोंड घातलं की चावलं!"

सगळ्या हसल्या. मी पण हसले.

पेनवाल्या बाई पुढे म्हणाल्या, "आपण म्हणतो ना, माझ्या तोंडातला शब्द घेतलास. तसंच आहे हे. पहिल्या बाईने शब्द पोरीच्या तोंडात राहू दिला, म्हणून तो बाहेर आला. दुसरीने काढून घेतला. तोंडातला घास काढला तर कुणीही चावेल हो. तोंड रिकामं, करणार काय?"

माझं हसू थांबलं. मी उभी राहिले आणि म्हटलं, "पण तिला पेला दिला होता ना! मागितलेली वस्तू हातात दिली, मग?"

पेनवाल्या बाई माझ्याकडे वळल्या. "पेलाच मागत होती, हे तुम्हाला काय ठाऊक?"

सगळ्यांना कळलं. सर खिडकी उघडायला गेले, उघडीच होती.

मी बसले. घरी येईपर्यंत एकच डोक्यात. मा. मा म्हणजे काय असेल? माशी? माती? माझी आई? त्या दिवशी रांगेत तिचं काय चाललं होतं? मी पेला दिला आणि ते कायमचं गेलं. आता तिला विचारलं तरी तिला आठवणार नाही.

जेवताना ह्यांना विचारलं, मी तुमचं बोलणं तोडते का? हे घास चावत राहिले. मी थांबले. खूप वेळ थांबले. शेवटी म्हटलं, "अहो, काहीतरी बोला!"

हे म्हणाले, "बोलणारच होतो."

गुरुवार, २५ जुलै

दोन दिवस हजेरीपट घेऊन बसले. सगळे चावे तारखेनिशी मांडले. अर्जातले सहा आणि निरीक्षणातले दोन, एकूण आठ. सहा वेळा मी तिथे होते. नुसती होते असं नाही, बोलत होते.

मुलं गेल्यावर हळूबाईला बसवून घेतलं. म्हटलं, "तुला हे माहीत होतं?"

तिने मान हलवली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सां-सांगत होते."

"कधी?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. माझ्या तोंडात तीन उत्तरं आली. गिळली. औषधासारखी.

"रोज," ती म्हणाली.

मग तिने बाही वर केली. मनगटाच्या आतल्या बाजूला पांढुरक्या खुणा आहेत, दोन ओळींत. दोन वर्षं माझ्यासमोर वावरतेय, मी बघितल्या नाहीत. लहानपणी तिचाही शब्द अडायचा. अजून अडतो, राग आला किंवा घाई झाली की जास्त. घरात सगळे तिची वाक्यं पुरी करायचे, कौतुकाने. "मी दु-दुसऱ्यांना नाही चावले," ती म्हणाली. "मी स्वतःला चावायचे."

मी म्हटलं, "मला वाटायचं तू मला घाबरतेस म्हणून अडखळतेस."

ती म्हणाली, "ते पण आहे."

आम्ही दोघी हसलो. मला हसताना जरा कसंतरीच झालं.

पाकीट फाडलं. पण नुसतं फाडून काय होतं? शनिवारी सभा आहे. अकरा घरं आहेत. चिटणिसांना मी 'घेते' म्हणून बसले आहे. आता उलटं काही बोलले तर म्हणतील, सहावी शिकलेल्या बाईला खुर्ची दिली ही चूक झाली. आणि बोलले नाही तर पोरगी जाते. दुसऱ्या बालवाडीत जाईल, तिथेही माझ्यासारखी कुणी असेलच. जगात मी एकटी थोडीच आहे.

शनिवार, २७ जुलै

पालकसभा झाली. लहान खुर्च्यांवर मोठी माणसं, गुडघे हनुवटीला. अशा आसनावर भांडण फार वेळ टिकत नाही, हा माझा अनुभव, पण आज टिकलं.

चिटणिसांनी सुरुवात केली, "मोठ्या बाई आपला निर्णय सांगतील."

मी उठले. म्हटलं, "मुलीचं नाव कमी करणार नाही."

गलका. चष्मेवाले उठले. "दात माझ्या मुलाला लागलेत, तुम्हाला नाही!"

मी म्हटलं, "खरं आहे. तुमच्या मुलाची चूक नव्हती. मुलीचीही अर्धीच. उरलेली माझी." आणि कागद वाचला. तारीख, वेळ, काय झालं. मी काय बोलले तेही वाचलं. पेला वाचला, कावळा वाचला. सगळा वाचला. "ह्या मुलीचा शब्द यायला वेळ लागतो. तो येईपर्यंत मी थांबत नाही, आणि माझं बघून तुमची मुलंही थांबत नाहीत. ती त्यांनी माझ्याकडून उचललेली सवय आहे."

चष्मेवाले म्हणाले, "मग नाव कुणाचं कमी करायचं? तुमचं?"

लोक हसले. मी म्हटलं, "तसा ठराव असेल तर आणा. चिटणीस इथेच बसलेत."

चिटणिसांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. चष्मेवाल्यांच्याच दुकानातला असावा.

पोरीची आई शेवटच्या रांगेत होती, कामाच्या कपड्यांतच आलेली. तिला वाटलं होतं आज नाव जाणार. म्हणाली, "घरी मीच तिचं बोलणं पुरं करते. पाळीची वेळ झालेली असते हो. बस माझ्यासाठी थांबत नाही, म्हणून मी पोरीसाठी थांबत नाही." आणि रडली नाही, खाली बघत राहिली. दुसरी एक आई तिच्या शेजारी सरकली.

मग हळूबाई उठली. पुढे काय करायचं ते तिने सांगायचं असं आमचं ठरलं होतं. सगळ्यांसमोर तिचा पहिलाच शब्द अडला. म, म. खुर्च्या कुरकुरल्या. कुणीतरी खोकलं. आणि मी, एवढं सगळं होऊन, काल रात्री शपथ घेऊन, मी म्हटलं, "मुलांना समजावून सांगू."

हळूबाई माझ्याकडे वळली. "नाही," ती म्हणाली. "मला ते म-म्हणायचं नव्हतं."

मी खाली बसले.

तिने सगळं सांगितलं. दोन मिनिटांचं बोलणं सात मिनिटं चाललं आणि मध्ये कुणी बोललं नाही. ती म्हणाली, मुलांना समजवायची गरज नाही, मुलं बघून शिकतात. ह्या मुलीचा गट महिनाभर तिच्याकडे द्यावा. मोठ्या बाईंनी त्या वर्गात यावं, पण बोलू नये. मुलीच्या आईने वाचेच्या डॉक्टरांना भेटावं, पत्ता तिच्याकडे आहे. महिन्यात एक जरी चावा झाला तर पालकांनी परत बसावं.

'बोलू नये' हे आमचं ठरलेलं नव्हतं. ते तिने आयत्या वेळी घातलं.

चिटणीस म्हणाले, ठीक आहे, एक महिना. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमचंही त्याच महिन्यात बघू." दोन घरांनी मुलं काढली. चष्मेवाले नाही काढत म्हणाले, पण अर्ज फाडू नका म्हणाले. नाही फाडणार.

मंगळवार, ३० जुलै

हळूबाईच्या वर्गात अर्धा तास बसले. बोलले नाही. कंबर दुखली.

गुरुवार, १ ऑगस्ट

परत बसले. एका पोराने चपलेचा पट्टा उलटा लावला, सहा वेळा. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. सातव्यांदा सुलटा लागला. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बावीस वर्षांत किती पट्टे मी लावले असतील?

सोमवार, ५ ऑगस्ट

सरांनी विचारलं, कसं चाललंय. मी म्हटलं, वाईट. शिकवताना मला कळायचं मी काय करतेय. आता कळत नाही. ते काही बोलले नाहीत. मला वाटलं दहा मोजतायत, म्हणून मी पण थांबले. पेनवाल्या बाई म्हणाल्या, "कुणीतरी चहा सांगा, नाहीतर ही दोघं अशीच बसतील."

बुधवार, ७ ऑगस्ट

अकरा दिवसांत चावा नाही. एकदा तोंड उघडलेलं दिसलं, पण समोरचा पोरगा थांबला, आणि ते मिटलं.

आज मी वर्गात कोपऱ्यात बसले होते. हळूबाई भिंतीशी चित्रं लावत होती. पोरगी ठोकळ्यांतून उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. नाकाशी नाक येईल इतकी जवळ. म्हणाली, "मो, मो."

मोर? मोजे? मोठा हत्ती? सगळं माझ्या ओठांवर आलं. जीभ दाताखाली धरली. तिच्या कपाळावर शीर दिसत होती. बाकीची पोरंही थांबली होती, रोजची सवय झाल्यासारखी. हळूबाईचा हात चित्रावरच राहिला.

"मोठ्या बाई," ती म्हणाली.

मी मान हलवली नाही.

"तु, तु, तु." हे फार लांबलं. एवढ्या वेळात मी पूर्वी अख्खा वर्ग जेवायला बसवला असता. मला वाटलं, आता हिला रडू येईल, आता मी बोलतेच. नाही बोलले.

"तुम्ही बाहेर जा."

हळूबाई घाबरून माझ्याकडे बघायला लागली. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी चांगलं सुनावलं असतं. पण वाक्य पुरं होतं. कर्ता होता, क्रियापद होतं, मानही दिला होता.

मी उठले आणि बाहेर गेले.